सोळा नंबरची तपासणी

लातूरच्या एका खाजगी लॅबमध्ये मी अकरा वर्षं मेणात बसवलेले मांसाचे तुकडे कापतो. गालाचा, जिभेचा, घशाचा हरभऱ्याएवढा तुकडा येतो. त्याचे पापुद्रे काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. रिपोर्ट डॉक्टर मॅडम लिहितात. पेशंटशी बोलणं माझं काम नाही, आणि ते मला जमतही नाही. आधीच सांगतो, म्हणजे पुढं मला कुणी शहाणा समजायला नको.

माझे दाजी शिवमूर्ती अहमदपूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा पुकारायचे. आवाज असा की चार दुकानं पलीकडं चहा पिणाऱ्यालाही भाव कळावा. दिवाळीनंतर तो आवाज बसला. नांदेडच्या डॉक्टरांना जिभेच्या मुळाशी गाठ सापडली, तुकडा आमच्या लॅबला आला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी माझ्या अक्काला, शिवकन्याला, सांगितलं की अजून एक तपासणी करू आणि सोमवारी शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू करू, पस्तीस लागतील. ती तपासणी पी-सोळा नावाच्या प्रथिनाची. अक्का तिला सोळा नंबरची तपासणी म्हणायची.

ती काच मीच रंगवली. घशाच्या गाठीत हे प्रथिन असलं तर काच तपकिरी होते. असे पेशंट शेकाला चांगली साथ देतात, पुष्कळ जण वाचतात. नसलं तर काच निळीच राहते, आणि मग गाठ हट्टी असते, एक दिवस वाया घालवून चालत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काचेपुढं हात जोडले. काच निळीच राहिली. रंग नीट चढतोय की नाही हे बघायला आम्ही शेजारी दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा लावतो, तो छान तपकिरी झाला होता. त्या अनोळखी माणसाचा मला राग आला.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. मी पन्नाशीकडं झुकलो तरी तिला मी तम्माच, धाकटा भाऊ.

"तम्मा, काय आलं रे?"

"निगेटिव्ह."

"निगेटिव्ह? म्हणजे आता भ्यायचं न्हाई ना?"

आमच्या घरानं हा शब्द कोरोनात शिकलेला. तेव्हा दाजींची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली, दुसरी निगेटिव्ह, आणि दवाखान्यानं त्यांना घरी सोडलं होतं. अक्का तोच अर्थ घेईल हे फोनवर मला सुचलंच नाही, असं मी लोकांना सांगतो. खोटं आहे ते. सुचलं होतं. पण अक्का महिन्याभरानं हसली होती, आणि मागं दाजींना ओरडून सांगतही होती. सोमवारी डॉक्टर सांगतीलच, आपल्या तोंडून कशाला?

"हाव," मी होकार दिला आणि फोन ठेवला.

नंतर तिचे फोन मी टाळले. आवाज जरा सुटायलाय, असा तिचा एक निरोप आला. नांदेडला शेक चालू असतील, गुण येत असेल, असं मी स्वतःला पटवलं. अडीच महिन्यांनी बोलावणं आलं: दाजी बरे झाले, मठात हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं, जेवण आहे.

मी गेलो. दाजी पंगतीत तूप वाढत होते, उन्हाळ्यात गळ्याला मफलर. घोगऱ्या आवाजात आग्रह चालला होता. मी अक्काला चुलीपाशी गाठून विचारलं, किती शेक झाले?

"कशाचे शेक? दुसरी तपासणी निगेटिव्ह आली म्हणल्यावर कशाला जावं?"

मी तिला तिथंच सांगितलं, निगेटिव्ह ते प्रथिन होतं, कॅन्सर नव्हे. तिच्या हातातली पळी पातेल्यात पडली. ती काढायला कुणी पुढं झालं नाही.

"मी इचारलं होतं तुला," ती म्हणाली. "तू हाव म्हणलास."

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेड गाठलं. डॉक्टरांनी मफलर काढायला लावला, मान चाचपली आणि विचारलं, अडीच महिने कुठं होतात? मी तोंड उघडणार तोच अक्का म्हणाली, "आमचीच चूक झाली साहेब. आम्हाला कळलं न्हाई." माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. फोटो काढले. गाठ मानेच्या मोठ्या रक्तवाहिनीला धरून बसली होती, फुप्फुसातही डाग होते. आता शेक द्यायचे ते फक्त दुखणं कमी करायला, असं डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं.

परतीच्या गाडीनं लोहा गाव मागं टाकलं. मग दाजींनी विचारलं, "राजशेखर, निगेटिव्ह चांगलं असतंय ना रे?"

मी सगळं सांगितलं. तपकिरी काच, निळी काच, कुणी कशाची आशा धरायची ते. दोन मिनिटं लागली. तेव्हा फोनवरही तेवढीच लागली असती.

"म्हणजे उलटं होतं," दाजी म्हणाले.

"हाव."

त्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "मंग तवाच सांगायचं की." ते रागावले नव्हते. मोंढ्यात उशिरा गाडी घेऊन आलेल्याला, सौदा उरकला बाबा, असं ते सांगायचे, तसंच बोलले. मला रडू आवरेना.

अक्का खिडकीतून बाहेर बघत राहिली. त्या दिवसापासून तीही मला राजशेखरच म्हणते.