बिनधुळीचं कपाट

कवळीवाल्याच्या घरात धुळीला मज्जाव होता. माणसांना तसा नव्हता, पण तीही फारशी येत नसत.

दिवसभर तो दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत लोकांच्या जबड्यांचे साचे ओतायचा, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. संध्याकाळी घरी येऊन जो मागच्या खोलीत शिरायचा, तो जेवायला हाक येईपर्यंत बाहेर पडायचा नाही. त्याचं खरं कुटुंब त्या खोलीत राहतं, असं बायको म्हणायची. काचेच्या कपाटात अंतराळवीर होते, यंत्रमानव होते, तीन डोळ्यांचे परग्रहावरचे शिपाई होते, आणि त्या सगळ्यांची यानं, तराफे, गाड्या. बायको त्यांना बाहुल्या म्हणे.

"फिगर," तो दर वेळी सुधारायचा.

"बरं, फिगर. तुमच्या फिगरींना जरा सरकायला सांगा, मला गाद्या ठेवायच्यात."

फिगरी सरकत नसत. गाद्याच पलंगाखाली जात.

मधल्या फळीवर मानाच्या जागी ग्रहगाडी होती. सहा मऊ रबरी चाकं, वर उघडणारं धुरकट रंगाचं झाकण, मागे ओढायचा आकडा, डाळीच्या दाण्याएवढे दोन इंधनाचे डबे. आत कप्तान बसलेला, दोन्ही हात सुकाणूवर. गाडीवरचे स्टिकर त्यानं चिमट्यानं, श्वास रोखून लावले होते. लग्नात हार घालताना त्याचे हात थरथरले होते. स्टिकर लावताना नाही. हेही बायकोचंच म्हणणं.

ही गाडी त्यानं लेकीला कबूल केली होती. "मोठी झालीस की तुझी." मोठं होण्याची त्याची व्याख्या मात्र लवचिक होती. आधी शाळेत जायला लागल्यावर, मग दुधाचे दात पडल्यावर, मग हात धुऊन पुसायची सवय लागल्यावर. तोवर खेळायला म्हणून त्यानं तिला दुसरा एक कप्तान दिला, जुन्या बाजारात सुटा मिळालेला, टोपावर ओरखडे असलेला. त्याला गाडी नव्हती. लेकीनं त्याचं नाव पायी कप्तान ठेवलं आणि त्याला घेऊन ती जेवायला, आंघोळीला, शाळेला जाऊ लागली.

नऊ वर्षांची असताना एका दुपारी तिनं कपाट उघडलं आणि दोन्ही कप्तानांना गाडीत घालून अंगणातल्या मातीत फिरवून आणलं. गाडीची अँटेना मातीत गेली ती गेलीच.

बाप ओरडला नाही. त्यानं हात उगारला नाही. त्यानं सिलिकॉन आणलं. दवाखान्यातल्या सफाईनं कपाटाची प्रत्येक फट त्यानं आतून-बाहेरून भरून काढली, आणि लेक दारात उभी राहून बघत होती. "आता धूळसुद्धा जाणार नाही," तो समाधानानं म्हणाला. त्या दिवसापासून लेकीनं गाडीचं नाव काढलं नाही. पुढे पुढे तिनं बापाकडे कशाचंच नाव काढलं नाही. लग्नानंतर फोन यायचे ते आईला. "बाबा बरे आहेत ना?" "आहेत." एवढ्यात त्याचा विषय संपायचा.

नव्या वस्तू तो आणतच राहिला, पण त्या खोक्यातच ठेवायचा, खोकीही न उघडता. कपाट रोज बाहेरून पुसायचा. काच आतून जरा धुरकटल्यासारखी वाटे, पण ते त्यानं आपल्या चष्म्याच्या नावावर टाकलं होतं.

मग लेकीचं आणि जावयाचं समुद्रापलीकडे कायमचं जायचं ठरलं. आईनं फोनवर विचारलं, तुला काय देऊ, दागिने देऊ का? लेक म्हणाली, "दागिने-बिगिने नकोत. बाबांना विचार, गाडी देणार का ती?" हसतच म्हणाली, पण दोनदा म्हणाली.

कवळीवाल्यानं स्वतः उठून बायकोच्या हातातून फोन घेतला. एवढी चपळाई त्यानं सासऱ्यांच्या आजारपणातही दाखवली नव्हती.

"देणार," तो म्हणाला.

मग "खरंच, बाबा?" हा आवाज त्यानं मातीतल्या दुपारनंतर ऐकला नव्हता. ती रविवारी यायची होती.

आठवडाभर त्यानं पेटी केली. फोम कापून त्यात सहा चाकांच्या सहा खोबणी केल्या, डब्यांना दोन वेगळी भोकं. बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "माझ्या आईच्या बांगड्यांना कधी पेटी केली नाहीत," पण पेटीवरून हात फिरवला, दोनदा. "पोरगी येईल आता अधूनमधून," ती म्हणाली. "गाडीसाठी का होईना." समुद्र मध्ये होता हे दोघांनाही माहीत होतं, तरी त्यानं मान डोलावली.

शनिवारी दुपारी बायको बाजारात गेल्यावर त्यानं पात्यानं सिलिकॉन कापलं. दार उघडलं आणि आधी वास आला, उन्हात तापलेल्या रेनकोटचा, आंबूस. त्यानं गाडी उचलली. ती उचलली गेली नाही. चाकांचं रबर पाघळून फळीला चिकटलं होतं, आणि जिथे ते गाडीच्या अंगाला टेकत होतं तिथे अंगच खाऊन वितळवलं होतं. इतकी वर्षं त्या प्लास्टिकनं जो घाम टाकला, जी वाफ सोडली, तिला बाहेर जायला त्यानं फटच ठेवली नव्हती. शेजारचे शिपाई, यंत्रमानव, सगळे बोटाला चिकट लागत होते. काच धुरकट होती ती आतूनच.

कप्तान तरी काढू, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्याच्या हिरडीला न दुखावता दात सोडवणारे हात ते. पाणी, तेल, पातं, बारीक सुई, सगळं झालं. कप्तानाची मांडी आसनात मुरली होती. शेवटी किंचितशी ओढ बसली, आणि कप्तान कमरेपासून वर हातात आला. पाय गाडीतच राहिले.

तो खाली बसला. तुझ्या हातात गेली तर खराब होईल, असं तो तिला किती वेळा म्हणाला असेल? आता तिला ही दाखवायची म्हणजे सांगायचं, की बाई, तुझं सगळं बालपण मी या काचेबाहेर उभं केलं ते यासाठी. तिच्याकडे बापाचं म्हणून एकच होतं, एक नकार. निदान त्या नकारानं गाडी तरी टिकली, असं तिला वाटत राहू दे.

त्यानं पिशवीतून गुलाबी मेण काढलं. कप्तानाला पायांवर बसवलं, गाडीचा वितळलेला तळ मेणावर टेकवला, तोंड समोर करून. दार लावलं. समोरून बघितलं तर धुरकट काचेआड गाडी होती तशीच होती. मग त्यानं सिलिकॉनची नळी आणून फटी पुन्हा भरल्या.

रविवारी लेक आली. चहा व्हायच्या आधीच मागच्या खोलीत गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"तश्शीच आहे की," ती म्हणाली. "बाबा, अगदी तश्शीच."

"काळजी घेतली ना."

"बघा मी काय आणलंय." तिनं पर्समधून पायी कप्तान काढला. टोपावर ओरखडे, एका बोटावर दातांच्या खुणा. "म्हटलं, याला एकदा तरी गाडीत बसून जाऊ दे. उघडताय ना?"

बायको कौतुकानं दारात येऊन उभी राहिली होती.

"नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नाही देत. विचार केला. एवढ्या प्रवासात मोडेल. तुम्ही लोक वस्तू सांभाळत नाही."

"अहो," बायको म्हणाली. "पेटी केलीत ना तुम्ही?"

"पेटी दुसऱ्या कामाची आहे."

लेकीनं बापाकडे पाहिलं. चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त जराशी हसली, ओळखीचं दुकान आजही बंद निघावं तशी.

"मीच वेडी," ती म्हणाली. "त्या दिवशी फोनवर माझा विश्वासच बसत नव्हता. तेच बरोबर होतं." आणि पायी कप्तान तिनं पेटीच्या फोमवर ठेवला. "हाही राहू द्या तुमच्याकडे. मी हरवीन कुठेतरी."

चहा तिनं उभ्यानंच घेतला. निघताना आईला मिठी मारली, वाकून बापाच्या पायांना हात लावला, आणि त्या हातात काही नव्हतं.

टॅक्सी गेल्यावर बायको मागच्या खोलीत आली ती तोंडाचा पट्टा सोडायला. "दगड बरा तुमच्यापेक्षा," तिनं सुरुवात केली. "पोटच्या पोरीला..." आणि थांबली. ती बाजूनं उभी होती. समोरून न दिसणारं तिला दिसलं. काचेजवळ जाऊन तिनं खाली वाकून पाहिलं.

"हे गुलाबी काय आहे चाकांखाली?"

ओल्या सिलिकॉनवर तिनं बोट टेकवलं, वास घेतला, आणि मग सगळं एकदमच तिच्या लक्षात आलं.

"सांगायचं होतं तिला."

"काय सांगू?"

तिनं पदरानं बोट पुसलं. "फोन लावू का? अजून वाटेत असेल."

"नको. कंजूस बाप घेऊन जाऊ दे. सवय आहे तिला त्याची."

विमानात बसताना लेकीचा फोन आला. आई बोलली, औषधांचं, थंडीचं, पोचल्यावर कळव, आणि शेवटी न राहवून म्हणाली, "हे घे, बाबांशी बोल." त्यानं फोन कानाला लावेपर्यंत पलीकडे कोणी नव्हतं.

तो पेटीशी बसला. पायी कप्तान उचलून घेतला. इतकी वर्षं मातीत, पाण्यात, दातांखाली, पर्सच्या तळाशी काढलेला. त्यानं त्याचा हात हळूच वर केला, मग खाली केला. मग गुडघा वाकवला. कुठेच काही अडकत नव्हतं.