एका रिंगची खुशाली

मी बाईजाचा बटणांचा मोबाईल बोलतोय. घरात मला सगळे डबडा म्हणतात. म्हणोत बापडे. डोळखांबच्या डोंगरातल्या या पाड्यात घरात बसून रेंज पकडणारा मीच एकटा आहे.

बाईजाचा मुलगा सुनिल क्रेन चालवायला कुवेतला गेला, तेव्हा माझा केवढा मान होता! पण तिकडून बोलायचं म्हणजे मिनिटामिनिटाला पैसे. म्हणून मायलेकांनी ठरवलं, रोज संध्याकाळी त्याने एक रिंग द्यायची आणि कापायची. बाईजाने उचलायचं नाही. रिंग वाजली म्हणजे पोरगा बरा आहे.

पुढे सुनेने, रंजिताने, टचचा मोबाईल घेतला. आता ती टेकडीवरच्या आंब्याखाली जाऊन सुनिलशी तासभर बोलते, त्याचं तोंडही बघते, आणि सगळं महिन्याच्या एका रिचार्जमध्ये. माझं बोलणं महाग आणि तिचं स्वस्त कसं? मी खूप विचार केला. माझा आवाज स्पेशल जीप करून येतो, वाटेत दोन्ही देशांच्या कंपन्या नाके लावून बसलेल्या. नेटवरचा आवाज शेअर जीपने येतो, गाणी-सिनेमांच्या मांडीवर बसून. त्याचं वेगळं भाडं कोण मागणार?

पण नेट टेकडी उतरत नाही आणि बाईजाचे गुडघे टेकडी चढत नाहीत. रंजिता खाली येऊन सांगते, "आई, बरं हाय त्यांचं." बाईजा मान हलवते. रोज बोलणं होतंच, आता कशाला, असं सुनिलला वाटलं असेल. त्याची रिंग बंद झाली. बाईजानेही कधी निरोप धाडला नाही. पोराला उगा त्रास नको.

तरी दिवेलागणीला ती मला मांडीवर घेऊन ओट्यावर बसते. मला फार एकटं वाटतं. तिला किती वाटत असेल!

परवा संध्याकाळी मी वाजलो. कंपनीचा फोन होता, रिचार्ज संपत आलाय हे सांगणारा. बाईजाला वाचता येत नाही. ठरल्याप्रमाणे तिने उचललं नाही, नुसता माझ्यावर हात ठेवला. मी वाजतच राहिलो.

"आज सवड हाय पोराला," ती मलाच म्हणाली. "लांब वाजवतो."



डबड्यात कोण पैसे घालणार आता? चार दिवसांत मी मुका होईन. सुनिल, त्याआधी एक रिंग दे रे. ती उचलणार नाही.