उभ्या पानांचा मका

आमच्या संशोधन केंद्रात एक रीत आहे. नापास झालेल्या वाणाचं बी म्हणजे कचरा, ज्याने पिकवलं त्याने खुशाल घरी न्यावं. पास झालं की मात्र कणसं कोठीत जातात आणि किल्ली केंद्राच्या प्रमुख असलेल्या थोरल्या बाईंच्या कमरेला. म्हणून त्यांच्या सुनेला आपला मका नापास व्हायला हवा होता. नवरा हात उचलतो म्हणून तिने घर सोडलं होतं. दुसऱ्या गावी नोकरी मिळाली होती, आणि कित्येक हंगाम जिवापाड जपलेलं ते वाण तिला सोबत न्यायचं होतं.

"तोंडाला कुलूप घाल," मी तिला सकाळीच बजावलं. मी पानाला यंत्राचा चिमटा लावते. उजेडात पान किती अन्न तयार करतं, ते आकड्यात दिसतं. "म्हातारी काहीही बरळली तरी नुसती मान डोलव. कळलं?"

"कळलं गं बाई."

थोरल्या बाई आल्या. सुनेच्या मक्याची पानं खोडालगत उभी, शेजारच्या वाफ्यातल्या नेहमीच्या वाणाची आडवी पसरलेली. बाईंनी दोन्हीकडचं वरचं, नवं पान घेतलं, दिव्याखाली सपाट धरलं आणि मला चिमटा लावायला सांगितलं. आकडे सारखेच आले, म्हणजे नापास. येणारच! उभं पान आडवं केलं की त्याची खुबीच गेली. पण मी गप्प, सूनही गप्प. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

"हात्तिच्या! एवढं रक्त आटवून हेच?" बाई म्हणाल्या. "माझा मुलगा म्हणतो ते खोटं नाही. हिला धड संसार जमला नाही, धड मका जमला नाही. टाका उपटून."

सुनेचे कान लाल झाले. मी तिच्या पायावर पाय दिला, पण काही उपयोग झाला नाही.

"उभं पान आडवं करून कुणी मोजतं का?" ती उसळली. "भर दुपारचं ऊन वरच्या पानाला झेपतं तेवढंच ते वापरतं, बाकीचं वाया. माझी पानं उभी आहेत म्हणून उजेड खालपर्यंत उतरतो. खालचं जुनं पान मोजा ना! आहे तसं, न वाकवता!"

अगं बये, काय केलंस हे!

मोजलं. शेजारच्या वाफ्यातली खालची पानं सावलीत पिवळी पडलेली, आकडा जेमतेम. हिच्याकडची पानंही तेवढ्याच वयाची, पण हिरवीगार, अजून कामाला जुंपलेली. आकडा कितीतरी वर गेला. पोटच्या पोराचं कौतुक ऐकावं तशी ती हसली, आणि मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पास," बाई म्हणाल्या. "पान कसं धरायचं ते तुला मीच शिकवलं ना गं? मुद्दामच आडवं धरलं. तू गप्प का बसतेस, तेवढंच बघायचं होतं."

"एक कणीस द्या, आई. एकच."

"दाणासुद्धा मिळायचा नाही. या मक्यावर काम करायचं असेल तर घरी परत ये. तो वाट बघतोय."

जळलं मेलं ते घर! मला वाटलं, आता ही म्हातारीच्या तोंडावर थुंकेल आणि चालू पडेल. माझे हात शिवशिवत होते. ती मात्र नुसती पानांवरून हात फिरवत राहिली. मग खाली बघत म्हणाली, "सामान आजच आणू का?"