दोन माणसांची खोली

दालमिलच्या फाटकावर एक बोर्ड आहे. सरकारनं ठरवलेली मजुरी त्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिली आहे. साहेब तपासणीला येणार असले की तो धुतात. त्या आकड्याचं आणि दीपमालाच्या हातात पडणाऱ्या पैशाचं दूरचंही नातं नव्हतं. मधे ठेकेदार बसलेला, त्याच्या पोटात किती जातं ते त्याचं त्यालाच ठाऊक. भाड्याच्या मधे मात्र कोणी बसत नाही बाप्पा! ते दर एक तारखेला सरळ खुशालरावांच्या हातात.

खुशालराव म्हणजे घरमालक. अकोल्यात शिवणीच्या पलीकडे त्यांचं घर, खाली पक्कं आणि वर गच्चीवर टिनाच्या तीन खोल्या. कोपऱ्यातली दीपमालाची. खोली देतानाच त्यांनी दोन बोटं नाचवून सांगितलं होतं, "दोन मान्सं. नवरा-बायको. तिसरं वाढलं तं भाडं वाढन. आनं म्हातारं-कोतारं, बिमार मानूस तं आनूच नका. मागं एक जन वर मेला, पोलिसाइनं मले आठ दिवस फिरवलं. तसं काई दिसलं तं त्याच दिवशी खोली खाली!" दीपमालानं मुकाट मान डोलावली. नवरा अश्विन अमरावतीला एका दवाखान्याच्या गेटवर वॉचमन. शनिवारी यायचा, रविवारी जायचा. खरं पाहिलं तर खोलीत दीडच माणूस होतं.

अकरा दिवसांपूर्वी तिसरं आलं. अश्विनची आई, पार्वताबाई. ती पातूरला थोरल्याकडे राहायची. थोरला बायकोपोरं घेऊन सुरतेला कामाला निघाला, घराला कुलूप ठोकलं आणि आईला इथं आणून सोडलं. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर माणूस उभा असला तर नुसती सावली दिसायची. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, तोवर दिवस काढायचे होते. नशीब असं की खुशालराव घरच्यांना घेऊन नांदगाव खंडेश्वरला लग्नाला गेलेले. कोणाला कळू न देता म्हातारीला वर चढवली. वाढीव भाडं द्यायचं तर किराणा बंद करावा लागला असता, आणि खरं सांगितलं तर खोलीच गेली असती. या पैशात दुसरी खोली कोण देतो? दोघं महिनाभर हिंडले होते तेव्हा कुठं ही मिळाली होती.

तेव्हापासून रोज सकाळी दीपमाला माठ भरायची, भाकर झाकून ठेवायची, पंखा लावायची आणि बाहेरून कुलूप घालायची.

"आत्याबाई, काई झालं तरी आवाज नका करू जी."

"नाई करत माय. मी काय लेकरू हावो?"

त्या दिवशी सकाळी जिना उतरते तर काय, खुशालराव दारात खुर्ची टाकून बसलेले! पहाटेच्या गाडीनं परत आले होते. दीपमाला पायरीवरच थबकली. पण कुलूप लावलेलं होतं, म्हातारी समजूतदार होती. मान खाली घालून ती कामावर गेली.

दुपारी जेवायच्या सुट्टीत बाया भिंतीच्या सावलीला बसल्या. मे महिना, त्यात अकोल्याचं ऊन; सावलीतही अंगाची लाही होत होती. शेजारी चंदा होती. ती पूर्वी त्याच गच्चीवर मधल्या खोलीत राहायची.

"आला काय व तो कंजूस वापस?" चंदानं विचारलं. "मंग आता तुह्या खोलीची लाइन रोज बंद."

"म्हंजे?"

"म्हंजे काय! दाराले कुलूप दिसलं का तो जिन्याखालचा खटका पाडते. मान्सं नाई तं लाइन कायले, म्हनते. संध्याकाळी तू फाटकात दिसली का उचलते. आमच्या फ्रिजमधलं दूध रोज नासे, तवा समजलं आमाले."

दीपमालाकडे फ्रिज नव्हता. दोन वर्षांत तिला हे कळायचं काही कारणच नव्हतं.

घास तोंडातच राहिला. खटका पाडला असेल. सकाळीच पाडला असेल. वर तापलेलं टिन, एकुलती खिडकी तिनंच आतून बंद केलेली, पंखा थांबलेला, आणि दाराला बाहेरून कुलूप. कोणी लावलं? आपणच! किल्ली पोलक्यात आपल्याच छातीशी. तिनं हातातली भाकर तशीच फडक्यात गुंडाळली. 

"काय झालं व?" चंदा म्हणाली. दीपमालाला सांगता येईना. चंदाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे साऱ्या मिलला ठाऊक होतं.

ती उठली. फाटकाशी मुकादम सूर्यभान आडवा आला. "कुठं चालली? सुट्टी संपून राहिली."

"घरी जातो."

"काहून? घरी कोन आहे तुह्या?"

"कोनी नाई," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला भडभडून आलं.

"आता गेली तं उद्या तुह्या जागी दुसरी बाई उभी राहीन, सांगून ठेवतो."

"ठेव उभी!" असं म्हणून ती निघाली. खरं तर या नोकरीवरच खोली उभी होती. पण पाय ऐकेनात.

ऑटोत ओठांवर बुद्धवंदना आली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. डोळ्यापुढं एकच चित्र, दार उघडलं आणि म्हातारी हलत नाही. मग पोलीस. मग अश्विन. "मायले कुलपात काहून ठेवलं?" असं तो विचारेल, आणि आपण काय सांगणार? भाडं? मेलेल्या बाईच्या पुढ्यात भाडं सांगणार?

जिन्याखाली तीन खटके होते. तिसरा, तिच्या खोलीचा, पडलेला. 

"आज लवकर?" कूलरपुढून खुशालराव उठले.

आणि दीपमाला खोटं बोलली. तेव्हासुद्धा! भीतीची सवय अशी मुरते अंगात. "डोकं दुखून राह्यलं काकाजी," म्हणाली आणि जिना धावत चढली. किल्ली कुलपात शिरेना. दोनदा खाली पडली. मागं पावलं वाजली. तिचा अवतार पाहून खुशालराव वर आलेच होते.

दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. बाजेवर कोणी नव्हतं.

"आत्याबाई!" अकरा दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं ओरडली.

म्हातारी मोरीत होती. भिंतीला टेकून, पाय पसरून. माठ लवंडलेला, लुगडं अंगावरच अर्धं वाळलेलं, चेहरा लालबुंद. आणि तोंडात पदराचा बोळा, पार गच्च कोंबलेला. दीपमालानं तो ओढून काढला. म्हातारीचा हात कसाबसा वर आला आणि बोट ओठांवर गेलं. हळू, म्हणत होती.

जिवंत होती! दीपमाला मोरीतच बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"हे कोन? म्हंजे तीन मान्सं..." खुशालराव दारातून म्हणाले.  त्यांची नजर पंख्यावर गेली, मग कुलपावर, मग त्या बोळ्यावर. ते वळले आणि धडधडा खाली उतरले. खटका वाजला. पंखा गरगर फिरू लागला.

म्हातारीनं दीपमालाचं मनगट धरलं. "रडनं बंद कर माय, आवाज जाईन. म्या नाई केला आवाज. एकडाव खोकला आला, एकडाव लय कन्हावं वाटलं, तं पदर कोंबला. कोनाले नाई समजलं."

खुशालराव थंड पाण्याची कळशी घेऊन परत आले. उंबऱ्यावर थबकले. म्हातारीनं डोळे बारीक करून त्या सावलीकडे पाहिलं.

"कोन व्हय?" ती दचकून म्हणाली.

दीपमालानं मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. 

"लाइनवाला व्हय, आजी," खुशालराव म्हणाले. "लाइन गेली होती. आता आली."

"मंग हळू बोल ना बापू," म्हातारी कुजबुजली. "खाली मालक आहे. त्यानं आयकलं तं माह्या लेकराइची खोली जाईन."

खुशालरावांनी कळशी आत सरकवली. मग चपला काढून हातात घेतल्या आणि एकेक पायरी जपत, आवाज न करता जिना उतरले.

दीपमाला म्हातारीच्या डोक्यावर गार पाणी ओतत राहिली. एक तारीख चार दिवसांवर होती. खाली खटका पुन्हा वाजतो की काय म्हणून तिचे कान जिन्याकडे होते, आणि नजर पंख्यावरून हलत नव्हती.