काटा लालवर गेला त्या दिवशी

मी राजुरीच्या रत्नाची पिकअप बोलतेय. माझ्या डिझेल इंजिनाला फार गारठा मानवत नाही, फार तापही नाही. पंच्याऐंशी-नव्वद डिग्रीला मी सुखात असते. तेवढं सांभाळलं की चढ असो, ओझं असो, मी हसत ओढते. रत्नाला हे कळायचं.

नवरा ज्ञानेश्वर वारल्यावर तीच मला चालवू लागली. सकाळी मी गार असतानाच बॉनेट उघडून कूलंट बघायची. सुरू केल्यावर लगेच दामटायची नाही. तापमानाचा काटा हलेपर्यंत दम धरायची. मग कोबीचे क्रेट भरून आम्ही दोघी मंचरला निघायचो.

पुढं तिच्या दिरानं, रामनाथनं, किल्ली काढून घेतली. "बाईमाणसानं पिकअप हाकायची? लोक हसत्यात आमाला."

त्यानं कूलंटऐवजी माझ्यात बोअरचं खारं पाणी ओतलं. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले, गंज धरला. ताप चढायला लागला तेव्हा त्यानं इंजिनाचा ताप राखणारा थर्मोस्टॅटच काढून फेकला. मग थंडीच्या दिवसांत मी लवकर तापेचना. धूर ओकत आतून झिजत राहिले. उन्हाळ्यात चढ लागला की भाजून निघायचे. आणि हा गावभर सांगत फिरायचा, "वहिनीनं गाडीची वाट लावली."

ते ऐकलं आणि मी दातओठ खाल्ले. याला चारचौघांत उघडा पाडायचाच.

वैशाखात संधी आली. मला आपल्या नावावर करून घ्यायला रामनाथ रत्नाला घोडेगावच्या वकिलाकडं घेऊन निघाला. शेजारी साक्षीला त्याचे मामा, दादाभाऊ. रत्ना मागं हौद्यात, पाण्याचा कॅन धरून.

चढाला काटा लालवर गेला. रत्नानं मागच्या काचेवर थाप मारली. "भाऊजी, तापल्याचा वास येतोय! थांबवा गाडी!"

"गप बस. लई कळतंय तुला!"

आणखी एखादं वळण मी काढू शकले असते. नाही काढलं. तिथंच ठप्प झाले.

रामनाथ तणतणत उतरला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. "उघडू नका, वाफ हाय आत!" रत्ना ओरडली. त्यानं ऐकलं असतं तर माझा सूड हुकला असता. पण तिचं ऐकणं त्याला जमणार नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं.

झाकण उडालं. उकळतं तांबडं पाणी त्याच्या कोपरापर्यंत आलं.

तो भर रस्त्यात बसून बोंबलला आणि मला गार वाटलं. रत्नानं मात्र धावत येऊन अख्खा कॅन त्याच्या हातावर रिता केला. माझ्यासाठी आणलेलं पाणी ते! तेवढ्यापुरता मला तिचाही राग आला.

दादाभाऊंनी बंपरवरचा गाळ बोटावर घेतला. "रामनाथ, काय घातलं व्हतंस हिच्यात?"

"बोअरचं पाणी, मामा."

"आन् नाव वहिनीचं?" त्यांनी किल्ली काढून रत्नाच्या हातात ठेवली. "वकील नको न् काय नको. पोरी, गाडी तुझी."

तापून माझ्या इंजिनाचं हेड वाकलं होतं, गॅस्केट गेलं होतं. रत्नानं सगळं नीट करून घेतलं, नवा थर्मोस्टॅट बसवला. आता काटा मधोमध असतो. तुमच्या दारात माझी एखादी बहीण उभी असेल, तर उद्या सकाळी तिचं बॉनेट उघडून बघा, एवढंच मागणं.

रामनाथचा हात बरा झाला. परवा रत्नानं त्याला शेजारी बसवून शेतावर सोडलं. माफ केलंय म्हणे तिनं.

मी नाही केलं. त्यानं स्टेअरिंगला हात लावून तर बघावा.