सुपारीचा रिकामा कप्पा

मित्रांनो, मला उघडाल तर अजूनही काताचा मंद वास येईल. मी केदारखेड्याच्या चतुराबाईंचा पितळी पानाचा डबा. जालन्याच्या एका तांबटाने मला घडवले, आत पाच कप्पे दिले आणि वर घट्ट झाकण बसवले. त्या झाकणाचा मला जरा गर्वच आहे.

चतुराबाईंच्या लग्नात मी या घरी आलो. पाहुणा टेकला की आधी मी पुढे व्हायचो, मग चहा. "रिकामा डबा कोणाम्होरं सरकवू न्हाई," असे त्यांच्या सासूने बजावले होते. चाळीस वर्षांत माझा एकही कप्पा ओस पडला नाही. गावभर माझे कौतुक होते.

मग चतुराबाईंची पाठ दुखू लागली. एके दिवशी घागर उचलताना मणकाच मोडला. तपासणीत मल्टिपल मायलोमा निघाला, म्हणजे हाडांतल्या मज्जेचा कर्करोग. तंबाखू बंद झाली आणि मी माळ्यावर गेलो. तिथे धूळ खात मी फार रुसलो होतो. पण सून सुमेधाने मला खाली काढले, चिंचेने घासले आणि माझ्यात गोळ्यांची पाकिटे ठेवली. कर्करोगाच्या गोळ्यांना सुपारीचा कप्पा मिळाला. त्या गोळ्यांनी दोन वर्षे चतुराबाईंना बांधापर्यंत चालते ठेवले.

यंदा रक्ताच्या तपासणीत आजार पुन्हा वाढलेला दिसला. जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार आता या औषधाला जुमानत नाही. हे बंद करून दुसरं सुरू करू. औषध बदललं म्हणजे आपण हरलो असं नाही."

नव्या गोळ्या माझ्या काताच्या कप्प्यात आल्या. जुन्या गोळ्या परत करायला म्हणून सुमेधाने पिशवीत काढून ठेवल्या. ती पाण्याला गेली आणि चतुराबाईंनी त्यातले एक पाकीट गुपचूप पुन्हा माझ्या सुपारीच्या कप्प्यात ठेवले. तीन दिवस त्या जुनीच गोळी घेत राहिल्या. नव्या तशाच पडून होत्या. आजाराला मोकळे रान मिळाले होते आणि मला तोंड नव्हते. माझा जीव तुटत होता.

चौथ्या दिवशी त्यांनी उरलेली सगळी पाकिटे त्याच कप्प्यात कोंबली. मी झाकण लागू दिले नाही.

"आत्याबाई, डबा लागून का न्हाई राह्यला?" सुमेधाने विचारले.

"झाकण जुनं झालं," चतुराबाई म्हणाल्या. हे मला फार लागले.

सुमेधाने आत पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"ह्या संपवून मंग नव्या घेणार व्हते," चतुराबाई हळूच म्हणाल्या. "दोन वर्षं यांनीच चालवलं मला. अर्ध्यात कशा सोडू? अन् कप्पा रिकामा ठेवत न्हाईत."

"त्यांनी त्यांचं काम केलं, आत्याबाई. आता त्यांचा असर न्हाई. कप्पा राहू द्या रिकामा. मला तुम्ही पाह्यजेत."

सुमेधाने लगेच फोन लावला. आजपासून फक्त नवी गोळी, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. चतुराबाईंनी स्वतःच्या हाताने जुनी पाकिटे काढली आणि नवी गोळी पाण्यासोबत गिळली.

"हिनं न्हाई जमलं तर पुढचं विचारू," त्या म्हणाल्या. "मी एवढ्यात जात न्हाई."

नव्या गोळीचा गुण पुढच्या तपासणीत कळेल. तोवर मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांच्या डब्यात एकदा डोकावून बघा. औषध बदलले असेल तर जुने बाजूला काढा आणि का बदलले ते जवळ बसून सांगा.

काल शेजारच्या प्रभावतीबाई आल्या. सवयीने चतुराबाईंनी मला पुढे सरकवले.

"अगं बाई, हा कप्पा रिकामा?"

"औषध बदललंय," चतुराबाई म्हणाल्या. "बाई तीच हाय."