कूलरची चप्पल

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या फाटक्या छत्र्या आणि मोडके बाक कसे हळवे होऊन बोलतात, ते मला ठाऊक आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी चिडलेला आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, भाजीवाल्या खुशालरावांच्या घरी मी अकरा उन्हाळे काढले आणि त्यांतले शेवटचे चार नुसत्या संतापात काढले. हा संताप कशाचा, ते ऐका. ऐकून झालं की तुमच्या घरातल्या मोठ्यांनाही सांगा. त्यांना आवडणार नाही. न आवडो.

माझा जन्म शालिकराम मिस्त्रींच्या दुकानात झाला. त्यांनी जाड पत्रा कापला, ठोकून त्याची पेटी केली, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवल्या, पोटात मोटर आणि पाण्याचा पंप ठेवला आणि समोर जाळी लावली. अंगाला निळा रंग दिला. खुशालराव आपल्या मुलाला, मनोजला घेऊन मला न्यायला आले, तेव्हा मिस्त्रींनी माझ्या वायरीतली हिरवी तार बोटाने दाखवली आणि म्हणाले, "हे तार काढू नका बाप्पा. पेटीत करंट उतरला तं हेच तार त्याले जमिनीत नेते." दोघांनीही मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

पहिली काही वर्षं माझी मजेत गेली, हे खोटं कशाला बोलू? एप्रिल लागला की अकोल्यात दुपारी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पारा शेहेचाळीसवर गेला की घरातली सगळी माणसं बैठकीत माझ्यासमोर येऊन पडायची. खुशालरावांची खाट अगदी पुढे. त्यांच्यामागे जागेसाठी रोज भांडण. मनोज सतरंजी ओढायचा, त्याची बायको आरती स्वयंपाकघर आवरून येईपर्यंत तिच्या वाट्याला भिंतीचा कोपरा उरायचा. त्यांची मुलगी करिश्मा पाळण्यात होती तेव्हा पाळणाही माझ्याच समोर टांगला होता. भांडत असले तरी सगळे माझ्यापाशी यायचे. आलेला पाहुणा म्हणायचा, "वा, काय थंडगार हवा हाये!" आणि मी फुगून आणखी जोरात फिरायचो.

पाऊस सुरू झाला की माझी रवानगी जिन्याखाली. तिथे आठ महिने माझ्या डोक्यावर वांग्यांच्या रिकाम्या टोपल्या आणि कांद्याची पोती. ताट्या उंदरांनी कुरतडल्या, तळाला गंज चढला. कामापुरता मामा म्हणतात तो मीच. तेही मी सोसलं. सोसलं नाही ते पुढचं.

चार वर्षांपूर्वी माझा प्लग तुटला. नवा प्लग आणायला नाक्यावर जावं लागलं असतं. बाहेर ऊन होतं आणि मनोजला झोप आली होती. त्याने तुटका प्लग कापून फेकला, दोन तारा सोलून बोर्डाच्या भोकांत घातल्या आणि त्या निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या दोन काड्या ठोकल्या. हिरवी तार उरली. तिला भोकच नव्हतं. ती त्याने दुमडून मागे लोंबकळत सोडली. "कूलर तं चालू झाला ना?" असं म्हणून तो आडवा झाला.

मी चालू झालो, पण माझ्या पोटातली वायर पाण्याने सडत होती. त्याच उन्हाळ्यात पेटीत करंट उतरला. आरतीने पाणी भरताना हात लावला आणि बादलीसकट मागे पडली. आता दुरुस्त करतील, असं मला वाटलं. मित्रांनो, त्यांनी काय केलं सांगू? त्यांनी माझ्याजवळ रबरी चपलांचा एक जोड आणून ठेवला.

कूलरची चप्पल! घरात कोणी ती दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. पाणी भरायचं, जाळी पुसायची, ताटी सारखी करायची, तर आधी ती पायांत घालायची. करिश्माला बाराखडी येण्याआधी "चप्पल घालून हात लाव" हे पाठ झालं. शेजारीपाजारीही तेच करत, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आरती दर उन्हाळ्यात म्हणायची, "अहो, एकडाव दाखवा ना त्याले." मनोज म्हणायचा, "पाहू." खुशालराव म्हणायचे, "झटका देते म्हनजे मोटर दमदार हाये." या वाक्यावर ते स्वतःच हसायचे. मला त्या म्हाताऱ्याचा मनापासून तिटकारा आला होता.

या वर्षी मे महिन्यात खुशालरावांची मुलगी रागिणी पुण्याहून आली. सोबत तिचा पाच वर्षांचा पियुष. लग्नानंतर ती दरवेळी दिवाळीत यायची आणि तेव्हा मी जिन्याखाली असायचो. त्यामुळे तिला माझ्या झटक्याची काहीच कल्पना नव्हती. घरच्या कोणी सांगितलंही नाही. लपवायचं होतं असं नाही. चूल गरम असते हे पाहुण्यांना कोणी सांगतं का? तितकं ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

पियुष मोठं गुणी पोर. दारात चपला काढून नीट जोडून ठेवायचा. घरात चप्पल घालायची नाही, असं त्याला शिकवलेलं. पहिल्याच दिवशी करिश्माने त्याला एक खेळ शिकवला. माझ्यासमोर तोंड करून "आऽऽऽ" म्हणायचं, म्हणजे आवाज थरथरत परत येतो. दोघं पोट धरून हसली. ती दूर उभी राहायची, म्हणून तोही दूर उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरतीने माझ्यात पाणी भरलं. नेहमीप्रमाणे थोडं फरशीवर सांडलं. रागिणी पाटावर बसून आंब्याचा रस काढत होती. खुशालराव घोरत होते. पियुष अनवाणी त्या ओल्यातून माझ्यापाशी आला. आवाज आणखी थरथरावा म्हणून अगदी जवळ आला, "आऽऽऽ" म्हणाला आणि दोन्ही हातांनी माझी जाळी धरली.

मित्रांनो, मला त्याला ढकलून द्यायचं होतं. मला बंद पडायचं होतं. यांतलं काहीच माझ्या हातात नव्हतं. त्याची बोटं जाळीवर घट्ट आवळली गेली आणि त्याचं ते "आऽऽऽ" थांबेना. आधी सगळ्यांना तो खेळच वाटला. मग आरतीने पाहिलं आणि त्याला ओढायला धावली.

"आई, त्याले शिवू नको!" करिश्मा किंचाळली. चौथीत शिकणारी ती पोर आजोबांच्या खाटेवर, त्यांच्या पायांवर पाय देऊन चढली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं.

पियुष खाली पडला. थोड्या वेळाने रडू लागला. ते रडणं ऐकून मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. त्याचे दोन्ही तळवे भाजले होते. रागिणी आणि मनोज त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी मलमपट्टी केली आणि पोर वाचलं म्हणून सांगितलं. तीनच्या सुमाराला ते परतले, तेव्हा घर भट्टीसारखं तापलं होतं. आणि खुशालराव काय म्हणाले असतील?

"पोट्टे, सरक तिथून. बटण लावू दे. जीव चालला उकाड्यानं."

करिश्मा तेव्हापासून खाटेवरच उभी होती. पाठीने तिने अख्खा बोर्ड झाकला होता. "मी नाई सरकत, आबाजी. अन् कोनालेच लावू देत नाई."

"लई शहानी झाली का? चार वर्सं चाललं ना? त्यानं चप्पल घातली असती तं काईच झालं नसतं."

"त्याले कोनं सांगतलं होतं चप्पल घाल म्हनून?"

खुशालरावांनी खाटेवर बसल्या बसल्या कूलरची चप्पल पायांत अडकवली. मग मनोज म्हणाला, "उतर बेटा. उद्या कुंदन वायरमनले बोलावतो. आज तेवढं चालवू."

"पप्पा, तुमचा उद्या मी दुसरीत होती तवापासून आयकून राहिली."

कपाळावरून घाम ओघळत होता, पण ती हलली नाही. खुशालरावांना नातीने तोंड वर करून बोललेलं खपलं नाही. ते खाटेवरून उठले आणि त्यांनी हात उगारला. तेवढ्यात रागिणी मधे आली. पियुष तिच्या कडेवर होता, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेला.

"बाबा, हात लावाचा असंन तं कूलरले लावा," ती म्हणाली. "करिश्मा, बाजूले हो. लावू दे त्याहिले बटण. पन बाबा, चप्पल काढा. ओल्यात उभे राहा अन् जाळी धरून दाखवा. काईच होत नाई ना? मंग दाखवा धरून."

खुशालरावांचा हात खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी मनातून ओरडत होतो, या की खुशालराव, धरा की! ते आले नाहीत. खाटेच्या कडेवर बसले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मन्या, कुंदनले फोन लाव. आत्ताच ये म्हनाव."

वायरमन कुंदन आला. टेस्टरने त्याने माझं अंग तपासलं आणि मान हलवली. सडलेली वायर बदलली, तीन पिनांचा प्लग बसवला, हिरवी तार जोडली, बोर्डाच्या मागची तारही नीट केली. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. "चार वर्सात कोनी मेलं नाई, हे तुमचं नशीब," एवढं बोलून तो गेला.

मग मनोजने बटण लावलं आणि खुशालरावांनी चप्पल काढून माझ्या अंगावर उघडा तळवा ठेवला. मला भरून आलं असेल, असं समजू नका. मी त्यांना माफ केलेलं नाही. वीस मिनिटांच्या कामासाठी ज्यांनी मला चार वर्षं लेकरांच्या घरात मारेकरी करून उभं ठेवलं, त्यांना मी का माफ करू?

त्या संध्याकाळी सगळे पुन्हा माझ्यासमोर आले. पियुष आला नाही. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिला. तिथे माझी हवा पोहोचत नाही. करिश्माने माझ्या जाळीवर हात ठेवून दाखवला, म्हणाली, "पाह्य पियुष, आता काईच नाई होत." तो आईच्या मागे दडला. खुशालरावांनी आपली खाट त्याला देऊ केली, मांडीवर बसायला बोलावलं, अगदी विनवलं. त्याने मानही वर केली नाही. महिनाभर राहायला आलेली रागिणी सहाव्या दिवशी पुण्याला परत गेली. तोवर त्या पोराची पाठ घामोळ्याने लाल झाली होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी झटका देणारी वस्तू असेल. तिला शिवू नका आणि ती दुरुस्त होईपर्यंत मोठ्यांना चैन पडू देऊ नका. ते रागावतील, रागावू द्या. आम्हा वस्तूंची दया करू नका, फक्त आम्हाला वेळेवर नीट करा. कुंदनने माझी वायर वीस मिनिटांत बदलली. त्या पोराला माझ्यासमोर आणून बसवणं मात्र कोणालाच जमलं नाही.